नांदेडमार्गे राजुरा

मागच्या महिन्यात चार दिवस राजुऱ्याला घरी होतो. कारण घरचंच होतं. वावराच्या वारस नोंदीचं काम अडलं होतं आणि बाबा म्हणाले, "तू ये, कम्प्युटरवरचं तुले समजते." सोबत लॅपटॉप नेला होता, कारण सोमवारी ऑफिसात एक योजना मांडायची होती. आमच्या कंपनीत जावामधलं एक घरचं फ्रेमवर्क आहे. चाळीसेक टीम ते वापरतात, आणि त्याच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत काय बदलायचं, कसं बदलायचं, कधी बदलायचं हे लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

तर ही दोन कामं. एक सातबाऱ्याचं, एक जावाचं. दोन्ही एकाच टेबलावर पसरली आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की गोष्ट एकच आहे.

आधी जावाची बाजू सांगतो. ज्यांना यातलं ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

राजुरा बसस्टँडवर चहाची टपरी आहे असं समजा. टपरीवाल्याला दूध लागतं, साखर लागते, गॅस लागतो. आता त्याने स्वतःच म्हैस पाळली, ऊस लावला, तर चहा कधी करणार? त्यापेक्षा सकाळी कुणीतरी दूध आणून ठेवतं, कुणी सिलिंडर ठेवतं. दूध कुठल्या गवळ्याचं याच्याशी टपरीवाल्याला देणंघेणं नाही. उद्या गवळी बदलला तरी टपरीत काही बदलावं लागत नाही. प्रोग्राममधल्या एका भागाला लागणारे दुसरे भाग त्याने स्वतः न बनवता बाहेरून हातात आणून देणं, याला म्हणतात डिपेन्डन्सी इन्जेक्शन. आणि रोज सकाळी सगळ्या टपऱ्यांवर योग्य ते सामान पोचवणारा जो माणूस, ते फ्रेमवर्क.

आज हे ऐकून "यात काय एवढं?" असं वाटतं. पण २००० च्या आसपास मोठ्या जावा प्रोग्राममध्ये प्रत्येक क्लास स्वतः उठून सरकारी कचेरीत गेल्यासारखा एका नोंदवहीत जाऊन आपल्याला हवं ते शोधून आणायचा. एंटरप्राइझ जावा बीन नावाचं अवजड प्रकरण होतं. साधी गोष्ट तपासायची तरी अख्खा सर्व्हर चालू करायला लागायचा. २००२ साली रॉड जॉन्सनने जे-टू-ईईवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि सोबत स्वतःचा कोड दिला. युर्गेन होलर आणि यान कॅरॉफ यांनी त्याच्या मागे लागून तो कोड सगळ्यांसाठी खुला करायला लावला. नाव सुचवलं कॅरॉफने : स्प्रिंग. जुन्या पद्धतीच्या हिवाळ्यानंतरचा वसंत, असा त्याचा अर्थ. स्प्रिंगची १.० आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. त्याच वर्षी जानेवारीत मार्टिन फाउलरने एक लेख लिहिला आणि 'डिपेन्डन्सी इन्जेक्शन' हे नाव रूढ झालं. त्याआधी लोक 'इन्व्हर्शन ऑफ कंट्रोल' म्हणायचे, पण ते नाव फार मोघम होतं, कशालाही लागू पडायचं.

पुढे स्प्रिंगच्या एक्सएमएल फायली हजारो ओळींच्या झाल्या. सामान कुणाला काय द्यायचं याची यादीच टपरीपेक्षा मोठी. मग २००७ साली गूगलमधल्या बॉब लीने ग्यूस आणलं. उच्चार 'जूस' असा करायचा, हे मला नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी कळलं, तोवर मीटिंगमध्ये मी भलतंच म्हणत होतो. ग्यूसमध्ये एक्सएमएल नव्हतं. क्लासच्या फील्डवर किंवा कन्स्ट्रक्टरवर 'इन्जेक्ट' अशी खूण करायची, बस. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्प्रिंग २.५ नेही 'ऑटोवायर्ड' ही खूण आणली. म्हणजे काम एक आणि खुणा दोन. शेवटी २००९ साली रॉड जॉन्सन आणि बॉब ली या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून एक सामायिक प्रमाण ठरवलं, जेएसआर-३३०. त्यात फक्त पाच खुणा आणि एक इंटरफेस आहे. एवढं लहान प्रमाण जावात क्वचितच झालं असेल. त्यांचा पत्ता ठरला 'जावाएक्स डॉट इन्जेक्ट'. आमचं घरचं फ्रेमवर्क ग्यूसवर उभं आहे आणि हाच पत्ता वापरतं. वापरत होतं म्हणतो.

कारण नंतर राज्य बदललं.

२०१७ साली ओरॅकलने जावाची एंटरप्राइझ बाजू एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं जाहीर केलं. २०१८ मध्ये तिचं नवं नाव ठरलं जकार्ता ईई. पण 'जावा' हे नाव ओरॅकलच्या मालकीचं. 'जावाएक्स' या पत्त्याखालच्या गोष्टींत नव्या मालकाला बदल करू देण्याबद्दलची बोलणी २०१९ साली फिसकटली. मग २०२० च्या डिसेंबरमध्ये जकार्ता ईई ९ आलं आणि त्यात 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' झालं. काम तेच, खुणा त्याच, त्यांचा अर्थ तोच. बदलला तो फक्त पत्ता. पण यंत्राला अर्थ कळत नाही, त्याला पत्ताच कळतो. 'जावाएक्स'मधली इन्जेक्ट ही खूण आणि 'जकार्ता'मधली इन्जेक्ट ही खूण त्याच्या लेखी दोन अनोळखी माणसं.

इथवर मी शनिवारी सकाळी लिहून काढलं होतं. आबाजी शेजारी खाटेवर बसले होते. म्हणाले, "काऊन रे बापू, घरी येऊनबी तेच डबडं उघडून बसला?" मी म्हटलं, आबाजी, एका गावाचा जिल्हा बदललाय, सगळ्यांचे कागद बदलायचे आहेत. ते हसले. म्हणाले, "मंग मले विचार."

आता घरच्या कागदाची बाजू. बाबांनी पत्र्याच्या पेटीतून जो कागद काढला तो उर्दूत आहे. ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांनी तो वाचून दिला. त्यावर माझ्या पणजोबांचं नाव, वावराचा नंबर, तालुका राजुरा, जिल्हा आदिलाबाद, आणि साल फसली १३५५. फसली सालात ५९० मिळवायचे म्हणजे इंग्रजी साल निघतं. म्हणजे हा कागद १९४५-४६ चा. तारखांचा हिशेब वेगळ्या शून्यापासून सुरू होणं ही आम्हा प्रोग्रामरांची नेहमीची डोकेदुखी, ती पणजोबांच्या पेटीतही निघाली.

राजुरा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. वर्धा नदीच्या अलीकडे निजाम, पलीकडे बल्लारपूर-चांदा म्हणजे इंग्रजांचा मध्य प्रांत. आदिलाबाद जिल्हा झाला १९०५ साली आणि राजुरा त्यातला एक तालुका. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं, म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाकीच्या तालुक्यांना १५ ऑगस्ट पुरतो पण आमच्याकडे मुक्तिदिनाचीही आठवण असते. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. त्यातले मराठी बोलणारे तालुके मात्र मुंबई राज्याला मिळाले आणि ते जोडले गेले नांदेड जिल्ह्याला. किनवट गेलं, राजुराही गेलं.

नकाशा काढून बघा. राजुऱ्याहून चांदा नदी ओलांडली की आलंच, तासाभराचीही वाट नाही. नांदेड दोनशेहून जास्त किलोमीटर, आणि मध्ये आदिलाबाद, म्हणजे आता दुसरं राज्य. तीन वर्षं आमचा जिल्हा तो होता. १९५९ साली राजुरा तालुका चांदा जिल्ह्याला जोडला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि पुढे १९६४ च्या सुमारास चांद्याचं चंद्रपूर झालं. म्हणजे वावर एक इंचही न हलता वीस वर्षांच्या आत त्याच्या पत्त्यात संस्थान गेलं, राज्य तीनदा बदललं, जिल्हा दोनदा, आणि जिल्ह्याचं नावही एकदा.

आबाजी तेव्हा पंधरा वर्षांचे होते. त्यांच्या वडलांना एकदा कागदासाठी नांदेडला जावं लागलं होतं, ते त्यांना चांगलं आठवतं. मी म्हटलं, सरळ चांद्यालाच का नाही जोडलं? मधला हा नांदेडचा हेलपाटा कशाला?

आबाजींना कारण माहीत नव्हतं, पण मला ते त्याच वेळी समोरच्या पडद्यावर दिसलं. १९५६ साली चांदा जिल्हा स्वतःच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात येत होता. दुसरीकडून मराठवाड्याचे जिल्हे हैदराबादेतून येत होते, आणि त्यांचे महसुलाचे कायदे, नोंदवह्या, उर्दूचे कागद हे सगळं आदिलाबादसारखंच होतं. नांदेडच्या कचेरीला राजुऱ्याचा कागद वाचता येत होता, चांद्याच्या कचेरीला तो परका होता. हे माझं अनुमान आहे बरं का, पण एक मात्र खरं की नांदेडला दोन्ही जगं माहीत होती.

आता ग्यूसवाल्यांनी काय केलं ते बघा. मे २०२३ मध्ये त्यांनी दोन आवृत्त्या एकदमच काढल्या. ७.० मध्ये फक्त 'जकार्ता'. आणि ६.० मध्ये मूळ इन्जेक्शनपुरत्या 'जावाएक्स' आणि 'जकार्ता' या दोन्ही खुणा ओळखल्या जातात. म्हणजे ६.० हे त्यांचं नांदेड! कायम राहायचं ठिकाण नाही, पण तिथे दोन्ही कागद वाचता येतात. स्प्रिंगनेही नोव्हेंबर २०२२ च्या ६.० मध्ये बाकी सगळं 'जकार्ता'वर नेलं, तरी 'जावाएक्स'ची इन्जेक्ट खूण ओळखणं सोडलं नव्हतं. ते सोडलं नोव्हेंबर २०२५ मध्ये, ७.० ला.

आमच्या ऑफिसातला प्रस्ताव मात्र थेट ७ वर उडी मारायचा होता. आणि खरं सांगतो, तो प्रस्ताव माझाच होता. "शोधा आणि बदला, दोन दिवसांचं काम" असं मीच मीटिंगमध्ये म्हणालो होतो. चाचणी म्हणून केलंही. पहिला फटका लगेच बसला. 'जावाएक्स' दिसेल तिथे 'जकार्ता' केलं, तर डेटाबेसचा 'जावाएक्स डॉट एसक्यूएल'सुद्धा बदलला गेला. तो एंटरप्राइझ बाजूचा नाही, मूळ जावाचा आहे, तो जुन्याच पत्त्यावर राहतो. राजुरा चांद्याला गेलं म्हणून किनवटही गेलं असं नाही ना. किनवट नांदेडमध्येच राहिलं.

हा फटका बरा होता, कारण कम्पायलर लगेच ओरडला. दुसरा वाईट होता. एका टीमचा जुना जार आम्ही वापरत होतो, त्यात एका क्लासच्या फील्डवर 'जावाएक्स'चीच खूण होती. नव्या ग्यूसने ती खूण पाहिली, ओळखली नाही, आणि काही न बोलता पुढे गेला. फील्ड रिकामंच राहिलं. प्रोग्राम सुरू झाला, सगळं हिरवं. आमच्या टेस्टही पास, कारण टेस्टमध्ये ते फील्ड आम्ही हाताने भरत होतो. रात्री दोनला चाचणीच्या सर्व्हरवर अहवाल काढायचं काम सुरू झालं आणि तिथे सामानाच्या जागी नल निघालं. सकाळी दहापर्यंत तीन जण कारण शोधत होतो. चाचणीचा सर्व्हर होता म्हणून वाचलो.

आता बाबांच्या कामाचं ऐका. वारस नोंदीच्या अर्जावर एका कार्यालयातून कुणी 'नाही' म्हणालं नाही. अर्ज घेतला, पोच दिली. जुन्या कागदावरचं नाव आणि आजच्या सातबाऱ्यावरचं नाव एका अक्षराने वेगळं, जुना नंबर वेगळा, जिल्हा आदिलाबाद. दोन्ही एकच वावर आहे हे सांगणारा मधला कागद अर्जाला जोडलेला नव्हता, म्हणून अर्ज बाजूला ठेवला गेला. नकार मिळाला असता तर बाबांनी दुसऱ्या दिवशी धावपळ केली असती. काहीच न कळल्यामुळे सात महिने गेले. ओळख पटली नाही तर तसं मोठ्याने सांगणं ही केवढी मोठी सोय आहे, हे मला त्या रात्री दोनच्या नलने शिकवलं नव्हतं, ते बाबांच्या चेहऱ्याने शिकवलं.

आबाजींना मी विचारलं, मग लोकांनी चालवून कसं घेतलं? त्यांनी हाली सिक्क्याची गोष्ट सांगितली. निजामाचा रुपया तो हाली, आणि आपला तो कलदार. सात हालीचे सहा कलदार, हा हिशेब बाजारात पोरांनाही पाठ होता. मी नंतर शोधून पाहिलं. १९५० मध्ये भारतीय रुपया हैदराबादेत सोबतीने आला, १९५१ मध्ये हाली काढणं बंद झालं, पण रद्द झाला तो १९५९ मध्ये. मध्ये आठ वर्षं.

हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ अंगणात फेऱ्या मारल्या. कारण आमच्या योजनेत जे नव्हतं ते इथे होतं. जुनं बंद करणं ही एक गोष्ट नाही, त्या दोन आहेत. जुनं नवीन काढणं बंद करणं एक, आणि जुनं घेणं बंद करणं दुसरी. पहिली लगेच करता येते, कुणाला त्रास होत नाही. दुसरीला वेळ द्यावा लागतो. आम्ही दोन्ही एकाच दिवशी करायला निघालो होतो.

यावर माझ्या सीनियरचं म्हणणं मला ठाऊक होतं आणि ते चूक नाही. दोन्ही पत्ते सांभाळायचे म्हणजे चाचण्या दुप्पट, गोंधळ दुप्पट. आणि 'थोडे दिवस' म्हटलं की ते संपतच नाहीत. त्याचं उदाहरणही आमच्याच भागात आहे. जुन्या राजुरा तालुक्यातली, आज जिवती तालुक्यात येणारी डोंगरावरची १४ गावं. सीमेवरची असल्यामुळे महाराष्ट्र आणि शेजारचं राज्य, आधी आंध्र आणि २०१४ पासून तेलंगण, दोघांनीही ती आपली मानली. माणसांकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं, गावात मराठी शाळा आणि तेलुगूही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं चंगळ आहे. पण वावर नावावर करायचं म्हटलं की कुठल्या राज्याकडे जायचं? एका इंटरफेसला दोन उत्तरं असली आणि कुठलं घ्यायचं ते कुणीच सांगितलं नाही, तर फ्रेमवर्क चूक दाखवून थांबतं. माणसांना थांबता येत नाही, ते तसंच दशकानुदशकं जगत राहतात. म्हणजे नांदेड हवं, पण नांदेडला तीन वर्षांची मुदतही हवी.

तर रविवारी रात्री मी योजना पुन्हा लिहिली. थोडक्यात अशी :

पहिला टप्पा, ग्यूस ६. दोन्ही खुणा चालतील. पण नव्या कोडमध्ये कुणी 'जावाएक्स'ची इन्जेक्ट खूण लिहिली तर बिल्डच होणार नाही. हाली काढणं बंद.

दुसरा, प्रोग्राम सुरू होताना फ्रेमवर्क सगळे जार तपासेल आणि जुनी खूण जिथे असेल त्या क्लासचं, त्या टीमचं नाव छापेल. गप्प बसायचं नाही. फील्डवरची खूण शक्य तिथे कन्स्ट्रक्टरवर न्यायची, म्हणजे सामान नाही मिळालं तर टपरी उघडणारच नाही, रात्री दोनला दुधाशिवाय चहा करायला निघणार नाही.

तिसरा, ग्यूस ७. तारीख आजच लिहून ठेवायची, दोन तिमाहींनंतरची. त्या दिवशी यादी रिकामी नसेल तर ज्या टीमचं नाव उरलंय तिच्यासोबत आमचा एक माणूस बसेल. ही शेवटची ओळ सगळ्यात महागडी आहे आणि मीटिंगमध्ये वाद तिच्यावरच झाला. "त्यांचं काम आपण का करायचं?" मी म्हटलं, पत्ता आपण बदलतोय, त्यांनी मागितला नव्हता. थोडी कुरकुर झाली. शेवटी माणूस मिळाला, आठवड्यातून दोनच दिवस. तो माणूस मीच.

निघायच्या दिवशी बाबांसोबत बसून पत्त्यांचा तक्ता केला. डावीकडे जुनं नाव, जुना नंबर, आदिलाबाद. मध्ये नांदेडच्या वर्षांतला एक कागद, जो पेटीच्या तळाशी सापडला. त्यावर जुना नंबर आणि नवा नंबर दोन्ही लिहिलेले आहेत, कुणा कारकुनाने शाईने, शेजारी शेजारी. उजवीकडे आजचा सातबारा. मधला तो कागद नसता तर दोन टोकं जुळलीच नसती. पणजोबा नांदेडला कशासाठी गेले होते ते तेव्हा कळलं.

अर्ज पुन्हा दिलाय, या वेळी तक्त्यासकट. अजून नोंद झालेली नाही. आबाजी म्हणाले, "वावर तिथंच हाय, कुठं जाते?" बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी मधल्या कागदाची झेरॉक्स काढायला मला परत चौकात पाठवलं. पाच प्रती काढल्या.

असो. पुढच्या शनिवारी वेळ मिळाला तर फसली सालाबद्दल लिहीन.